दोन भांड्यांच्या मधली तोटी

"मॅडम, सॉफ्टवेअर स्लो झालंय."

कामाच्या सगळ्या वर्षांत जितक्यांदा हे वाक्य कानावर आलं, तितक्यांदा माझं उत्तर तयार असायचं: "वायर बघा." वायर चांगली निघाली तर वीज बघा. वीज ठीक असली तर माणूस बघा. प्रोग्राम बघा असं मी कधी म्हटलं नाही, कारण प्रोग्राम मी लिहिलेला असायचा.

तेव्हा मी जी बाई होते तिचा आता मला राग येत नाही, गंमत वाटते. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये फ्लॉपींची डबी, आणि कायनेटिकवर बसून ताठ मानेनं गावभर फिरणं. तेव्हाच्या औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे रस्ते खड्ड्यांचे होते म्हणून बरं, नाहीतर ती मान कधी हललीच नसती.

मी काय करायचे ते आधी सांगते, कारण पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत अजून निम्म्या लोकांना वाटतं की मी टायपिंग शिकवायचे. तसं नाही. दुकानं, कारखाने, डेअऱ्या यांच्यासाठी मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे, ते बसवून द्यायचे, आणि बिघडले की बोलणी खायला जायचे. टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो त्यात प्रोग्राम असतो, माहिती नसते. माहिती असते दुसरीकडं, सर्व्हर नावाच्या यंत्रात. टेबलावरच्या प्रोग्रामला काही हवं असलं की त्याला सर्व्हरच्या दारात जावं लागतं. दार वाजवायचं. आतून विचारणा होते, कोण? नाव सांगायचं, परवलीचा शब्द सांगायचा. मग आतून कडी निघते, आत घेतात, आणि तेव्हा कुठं आपण विचारायचं की बाबा, अमक्या नंबरचा माणूस कोण. या दार उघडून घेण्याला आमच्या धंद्यात कनेक्शन म्हणतात. विचारायला वेळ लागत नाही, दार उघडून घ्यायला लागतो. एवढं ध्यानात ठेवा, याहून जास्त तांत्रिक मी काही सांगणार नाही.

वायरीचं वेड मला लागलं ते शेंद्र्याला. तिथं तेव्हा नवी वसाहत उठत होती, ज्वारीच्या रानाला लागून पत्र्याच्या शेडी. एका कारखान्यातून रोज फोन यायचा की दुपारनंतर सगळं बंद पडतं. जाऊन पाहिलं तर सर्व्हरची वायर दाराच्या फटीतून नेलेली. दुपारी ऊन आत आलं की स्टोअरचे काका दार लावून घ्यायचे आणि वायर चिमटायची. मी ती खिडकीतून काढून दिली. काकांनी ताक पाजलं आणि येईल त्याला सांगत सुटले, "मॅडमनी नुसतं बघितलं न् चालू झालं." अशी कौतुकं माणसाला बिघडवतात. त्यानंतर मला जिकडंतिकडं वायरच दिसायला लागली.

मग ती डेअरी आली.

दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि शहर मात्र रोज थोडं थोडं फुगत होतं. आमच्या गल्लीतले बोअर आटले, पण शेजारी नवे मजले चढतच होते, आणि त्या मजल्यांवर राहायला येणाऱ्यांना सकाळी चहाला दूध हवंच होतं. ते दूध पुरवणारी एक खासगी डेअरी माझी गिऱ्हाईक. तिचा प्रोग्राम मी लिहिला तेव्हा तिचे सगळे कॉम्प्युटर शहरातल्या हेड ऑफिसात एका हॉलमध्ये होते. सर्व्हर त्याच हॉलच्या कोपऱ्यात, काचेच्या खोलीत. पुढं धंदा वाढला तसं मालकांनी पैठण रोडवर चितेगावला दूध घ्यायचं केंद्र काढलं, तिथं एक कॉम्प्युटर ठेवला आणि भाड्यानं घेतलेल्या टेलिफोनच्या लाईननं तो हेड ऑफिसच्या सर्व्हरला जोडला. प्रोग्राम माझा तोच. एका हॉलमध्ये पळतो तो चितेगावात का नाही पळणार, असं मी मालकांना म्हटलं, आणि म्हणताना पदर नीट केला असणार.

चितेगावला पळेना. उत्पादक कॅन घेऊन यायचा, नंबर सांगायचा, कॉम्प्युटरवर बसणारी मंगल तो नंबर टाकायची आणि वाट बघत बसायची. नाव दिसेपर्यंत पुढं काही करता यायचं नाही. फॅट मोजायचं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं, वजनाचा काटा जोडलेला. नाव आल्याशिवाय फॅट चढायचं नाही, फॅट चढल्याशिवाय दूध थंड टाकीत ओतायचं नाही. हातानं पावती लिहायची पद्धत पूर्वी होती. पण त्यात एकाचं पातळ दूध दुसऱ्याच्या नावावर चढायचं, म्हणून ती बंद करा असा सल्ला मालकांना कुणी दिला होता ते तुम्ही ओळखलंच असेल.

डेअरीचे मॅनेजर कल्याणबापू. घरची जमीन होती, पण बापू शहरात नोकरी करायचे आणि रविवारी गावाकडं जाऊन कोरडी विहीर बघून यायचे. त्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, वायर. पैठण रोड तेव्हा दोन्ही अंगांनी खणलेला होता, जेसीबी रोज काही ना काही तोडायचा. मी टेलिफोनवाल्यांशी भांडले, त्यांनी लाईन तपासून दिली, लाईन चांगली होती. मग मी म्हटलं, सर्व्हर जुना झालाय. मालकांनी नवा आणला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी आत जाईल म्हणून मी काचेच्या दाराशी दोन्ही हात पसरून उभी राहिले. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मंगलचा फोन आला.

"मॅडम, तसंच आहे."

"नीट बघितलंस का?"

"नीटच बघत बसते ना मॅडम. दुसरं काम कुठंय?"

बापू शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मॅडम, तुम्ही कायम दुपारी जाता. दुपारी तिथं माशी बी नसते. ते यंत्र तुम्हाला बघून शहाण्यासारखं वागतंय. एकदा सकाळी जा की."

सकाळी मी जायचे नाही, कारण नळ सकाळी यायचा, तोही रोज नाही. आणि ज्या दिवशी नळ नसायचा त्या दिवशी मला वाटायचं, चला, आज जरा झोपू. पण बापूंचं बोलणं लागलं. नळ नसलेल्या एका सकाळी उठले आणि कायनेटिक पैठण रोडला घातली. कांचनवाडी, नक्षत्रवाडी मागं पडली, धुळीनं साडीची इस्त्री गेली, आणि चितेगावला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

केंद्राबाहेर कॅनची ओळ होती. माणसांची नाही, कॅनची. माणसं लिंबाखाली बसलेली, आणि ओळ पुढं सरकली की ज्याचा त्याचा कॅन पायानं पुढं ढकलून परत सावलीला. ओळीच्या शेवटी एका कॅनला ओलं पोतं गुंडाळलेलं होतं आणि त्याच्याजवळ एक बाई उन्हातच उभी होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात पाण्याची बाटली. मधूनच त्या पोत्यावर चार थेंब शिंपडायची आणि बूच घट्ट लावायची.

"बाई, तुमीच व्हय मशीनवाल्या?" तिनं मला विचारलं.

"हो."

"बरं झालं आलात. लई येळ लावतंय ते. मानसापरीस आळशी झालंय."

तिचं नाव गयाबाई. मेंढपाळांच्या घरातली. निम्मी मेंढरं विकून उरलेली घेऊन नवरा चाऱ्यासाठी गोदावरीच्या अंगाला गेला होता, आणि घरी दोन जर्शी गाई, सासू आणि गयाबाई. वाडी पार आत. तिथून येणारी काळीपिवळी जीप माणसांनी भरल्याशिवाय निघायची नाही, म्हणून गयाबाई रोज शेवटी पोचायची.

दूध तपासायला रऊफभाई. उंच, पांढरी दाढी, डेअरीतला सगळ्यात जुना माणूस. कॅनचं झाकण उघडून आधी वास घ्यायचे. शंका आली की काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन दिव्यावर उकळायचे. फुटलं तर कॅन परत. मालकांचा नियम असा होता की महिन्यात तीनदा दूध परत गेलं की त्या उत्पादकाचा नंबर बंद.

गयाबाईची पाळी आली तेव्हा रऊफभाईंनी वास घेतला आणि माझ्याकडं न बघता नळी उचलली. दिव्यावर धरली. आम्ही सगळे त्या नळीकडं बघत होतो. दुधात बारीक गाठी दिसायला लागल्या.

"गयाबाई, फटगया."

"दावा बरं." तिनं नळी हातात घेऊन बघितली, परत दिली. "घरून निगालं तवा गोड व्हतं, भाई."

"हौ, मालूम है. इदरीच खट्टा हुआ. पन टाकी में कैसा डालना? उसमें सबका दूध है ना."

तिनं झाकण लावलं. महिन्यातली तिची ही दुसरी खेप, हे मंगलनं मला हळूच सांगितलं. तिसऱ्या खेपेला नंबर बंद, आणि त्या जीपच्या वाटेवर दुसरं केंद्र नाही. चारा विकत घेऊन जगवलेल्या गाई मग बाजारात. गयाबाई कॅन उचलताना म्हणाली, "वासराला पाजावं तर शहरातल्या मानसाच्या तोंडचं काढल्यावानी वाटतं, म्हनून इथं आनलं. आता दोगांच्या बी कामाचं ऱ्हायलं नाय." आणि हसली. मला हसता आलं नाही. मी आत जाऊन मंगलच्या शेजारी स्टूल ओढलं.

एका जागी बसायची सवय मला तेव्हाही नव्हती. दूध द्यायला सायकलवरून येणारी जवळची दोन-चार माणसं अजून बाकी होती. मंगल नंबर टाकायची, मी टेबलाखाली वाकून वायरी चाचपायचे. तिथं टेलिफोनच्या लाईनची डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा. मंगलनं नंबर टाकला. दिवा लागला, विझला. लागला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. मला आनंद झाला. पिन सैल. मी ती दाबली, पुन्हा दाबली, काढून फुंकर मारून बसवली.

"मॅडम, ते रोज तसंच करतंय," वरून मंगल म्हणाली. "एकेका नावाला."

मी टेबलाखालीच बसून राहिले. पुढच्या माणसाचा नंबर. लागला, नाव आलं, विझला. लागला, गाव आलं, विझला. गाय की म्हैस. विझला. कालचं दूध. विझला. पिनेत काही नव्हतं. तो माझा प्रोग्राम होता, आणि तो शहाण्या मुलीसारखा वागत होता.

आमच्या घरी नळाला एक नियम होता. घागर भरत आली की तोटी बंद. घागर उचलायची, हंडा लावायचा, मग तोटी सुरू. हंडा भरला, तोटी बंद. दोन भांड्यांच्या मधे एक थेंब जमिनीवर पडला तर आई म्हणायची, "पाणी काय तुझ्या मामानं सोडलंय का?" नळ चार दिवसांनी येणाऱ्या गावात वाढलेल्या मुलीच्या मनगटात हा नियम बसतो. माझ्या इतका बसला होता की मी प्रोग्राम लिहायला लागले तेव्हा तोही तसाच लिहिला. एक प्रश्न विचारला की दार बंद. दुसरा विचारायचा तर दार पुन्हा वाजवा. वर मला त्याचा अभिमान. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना मी फळ्यावर नळ काढून दाखवायचे आणि सांगायचे, उघडं ठेवलेलं कनेक्शन म्हणजे वाहती तोटी. इतर शहरांतली माणसं पाणी कसं भरतात कोण जाणे, पण असला प्रोग्राम आमच्याच गावची बाई लिहू शकते.

एका हॉलमध्ये ते खपून गेलं, कारण सर्व्हरचं दार तिथं हातभर अंतरावर होतं. चितेगावहून ते दार मैलोगणती लांब. एकेका उत्पादकासाठी माझा प्रोग्राम तिथवर जायचा, एक प्रश्न विचारायचा, नमस्कार करून दार लावून घ्यायचा, परत यायचा, आणि मग आठवल्यासारखा गाव विचारायला पुन्हा निघायचा. तोवर बाहेर लिंबाखाली दूध आंबत होतं.

परत जाताना कायनेटिक मी अशी पळवली की पैठण नाक्यावर पोलिसानं शिट्टी मारली. बदल अगदी साधा होता. सकाळी एकदा दार उघडायचं आणि दूध संपेपर्यंत उघडं ठेवायचं. नाव, गाव, गाय-म्हैस, कालचं दूध, सगळं एकाच खेपेत विचारून घ्यायचं. दुपारपर्यंत लिहून झालं. आणि मग मला इतका चेव आला की हेड ऑफिसच्या हॉलमधल्या सगळ्या टेबलांवरही मी नवाच प्रोग्राम बसवून टाकला.

बापू मागं उभे होते. "एकदम सगळीकडं कशाला, मॅडम? आधी चितेगावला बघा की."

"बापू, हे काम मला कळतं."

"कळतं तर खरं," बापू म्हणाले आणि चष्मा पुसत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नळाचा वार होता. तोटी सासूबाईंच्या हाती देऊन मी निघाले. त्या म्हणाल्या, "जा बाई. येताना त्या सर्व्हरातून दोन घागरी घेऊन ये." मी न ऐकल्यासारखं केलं.

चितेगावला मंगलच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घातला. पहिला नंबर टाकला. मंगलनं सवयीनं हात मांडीवर ठेवले आणि लगेच उचलले, कारण नाव आलं होतं. दुसरा नंबर, नाव हजर. तिसरा. बाहेर लिंबाखाली नीट बसलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा उठावं लागायला लागलं. एक आजोबा वैतागून म्हणाले, "आता बिडी बी वढू देईना व्हय हे." रऊफभाईंना नळी धुवायला फुरसत मिळेना. त्यांनी माझ्याकडं बघून हात कपाळाला लावला. मी चहा मागवला. टेबलाखालचा हिरवा दिवा एकसारखा जळत होता आणि मी त्याच्याकडं बघत चहा पीत होते, सून बघायला आलेल्या बाईसारखी.

काळीपिवळी आली. गयाबाई उतरली, ओल्या पोत्याचा कॅन ओळीच्या शेवटी ठेवला, आणि ओळ लहान दिसल्यावर इकडंतिकडं बघायला लागली, की लोक दूध द्यायचे थांबले का काय.

तेवढ्यात वीज गेली.

वीज जाण्यात नवल काही नव्हतं. बॅटरी होती, पण ती म्हातारी होती. पंख्याचा आवाज थांबेपर्यंत कॉम्प्युटरही थांबला. रऊफभाईंनी जनरेटर ओढला, उजेड आला, मंगलनं कॉम्प्युटर चालू केला, प्रोग्राम उघडला, नंबर टाकला. पडद्यावर आलं की जागा नाही. पुन्हा टाकला. जागा नाही.

मला कळायला वेळ लागला नाही. सर्व्हरच्या घरात एका वेळी ठरावीकच माणसांना बसायची परवानगी असते. माझा जुना प्रोग्राम विचारून लगेच उठायचा, म्हणून कधी गर्दी झाली नाही. नवा प्रोग्राम मांडी घालून बसणारा. हेड ऑफिसच्या हॉलमध्ये सकाळी माणसं कामावर आली होती, गाड्यांच्या पावत्या काढायला प्रत्येकानं आपापला प्रोग्राम उघडला होता, आणि प्रत्येकाचा आत जाऊन बसला होता. वर, वीज गेली तेव्हा आमचा प्रोग्राम दार न लावताच मेला होता. सर्व्हरला वाटत होतं, चितेगावची बाई अजून आतच बसलीय. आमची जागा आम्हीच अडवून आम्ही दारात उभ्या. जुनी तोटी असती तर असल्या वीज जाण्यानं तिचं काही बिघडलं नसतं. ती कायम बंदच असायची.

बाहेर ओळ थांबली. उन्हाला थांबायचं कारण नव्हतं. गयाबाई आजही लिंबाखाली बसली नव्हती, तिनं कॅन उचलून भिंतीच्या अरुंद सावलीत नेला होता आणि बाटलीतलं उरलंसुरलं पाणी पोत्यावर टाकत होती. पाणी संपत आलं तसं तिनं शेवटच्या थेंबांनी पदर ओला करून पोत्यावर दाबला. माझ्याकडं बघितलं.

मी रऊफभाईंना म्हटलं, "तिचं तेवढं घ्या आत. नाव नंतर चढवू."

"नक्को मॅडम. आज उसका लिया तो कल पूरी लाईन बोलेगी." मग हळू आवाजात म्हणाले, "आप जल्दी करो. अबी अच्छा है दूध. मैं सूंघ के आया."

केंद्रात टेलिफोन होता. मी बापूंना लावला.

"बापू, हॉलमधल्या सगळ्यांना प्रोग्राम बंद करायला सांगा. आणि सर्व्हर एकदा बंद करून चालू करा. आत्ता."

"मॅडम, इथं गाड्या उभ्या हायेत. दूध शहरात जायचंय. पावती निघाल्याशिवाय गेट सोडत नाय."

"तुमच्या गाड्यांमधलं दूध थंड आहे, बापू. इथलं उन्हात आहे."

 हॉलमधला प्रिंटरचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, आता बापू कालचं बोलणं काढतील, आणि काढलं असतं तर ते बरोबरच होतं. ते म्हणाले, "किती वेळ?"

"सर्व्हर चालू होईस्तोवर. आम्ही इथं आत गेलो की मग तुमच्यातले दोघं-तिघंच बसा. बाकीच्यांचं मी दुपारी येऊन बघते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बापूंचा, सगळ्या हॉलभर: "उठा रे सगळे. ते बंद करा. चला, चहा प्यायला चला. पावत्यांचं मी बघतो."

मी टेबलाखाली वाकले. हिरवा दिवा विझलेला होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मी एका जागी स्थिर बसले, आयुष्यात पहिल्यांदा असेल. दिवा लागला.

"आलं," मंगल वरून म्हणाली. "नाव आलं मॅडम."

ओळ हलली. थांबलेली ओळ माणसाला कंजूष करते, हलणारी उदार करते, हे मी तेव्हा बघितलं. इतके दिवस कॅनचा इंचभर हक्क न सोडणारे ते बिडीवाले आजोबा उठले आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "गयाबाईचा घ्या रे म्होरं. लांबून येती ती."  कॅन हातोहात पुढं आला.

रऊफभाईंनी झाकण काढलं, वास घेतला. चेहऱ्यावर काही दिसेना. नळी भरली, दिवा पेटवला. मी नळीकडं बघायचं टाळून रऊफभाईंच्या दाढीकडं बघत होते. दूध उकळलं. वर आलं, खाली बसलं. त्यांनी नळी उजेडात धरून तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"मंगल, फॅट ले इसका."

एवढंच म्हणाले. गयाबाईचं दूध टाकीत पडलं, त्याचा आवाज झाला, आणि तिनं माझ्याकडं न बघता रिकाम्या कॅनचं झाकण उचललं.

पुढं मी प्रोग्राम नीट केला. चितेगावसाठी दार उघडं, हेड ऑफिसच्या हॉलमध्ये जुन्यासारखं बंद, आणि वीज गेली तर सर्व्हरनं आत उगाच अडलेल्या जागा थोड्या वेळानं आपणच मोकळ्या करायच्या. कुठं उघडं ठेवायचं आणि कुठं मिटायचं, हे जागा बघून ठरवायचं असतं. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण, आणि मला ते त्या वयात मिळालं. नंतर कधीतरी मी चितेगावच्या उत्पादकांची नावं बघत होते, तेव्हा मधेच दूध थांबलेली काही नावं दिसली. मी टेलिफोनवाल्यांशी भांडत होते आणि नारळ फोडत होते त्या महिन्यांतली. त्यांचं दूध दुसरीकडं गेलं की गाईच गेल्या, मला कळायला मार्ग नव्हता. ती नावं मला अजून आठवतात. आजही नात तिच्या कॉम्प्युटरसमोर बसून "आजी, स्लो आहे गं" म्हणाली की मी आधी उठते, मग विचार करते.

पण त्या सकाळचं राहिलंच.

केंद्रामागं एक नळ होता, कॅन धुवायला, दूध संपल्यावरच सुटणारा. दूध संपल्यावर मी तोंड धुवायला गेले तर गयाबाई तिथं बसलेली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती म्हणाली, "बाई, जरा तोटी धरा. माजे हात गुतलेत."

मी तोटी सोडली. तिनं कॅनमध्ये ओंजळभर पाणी घेतलं.

"बंद."

मी बंद केली. तिनं कॅन गरागरा फिरवला, आतलं पांढुरकं पाणी एक थेंबही न सांडता बाटलीत ओतलं, बूच लावलं. "कालवडीला," ती म्हणाली. मग झाकण पुढं केलं.

"सोडा."

सोडली.

"बंद."

बंद केली.